तार म्हणजे डांबर

काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या रेडिओचं काम तुम्ही कुठं शिकलात, असं लोक मला अजून विचारतात. बुलढाण्यात या प्रश्नाचं उत्तर लोकांनी माझ्या वतीनं देऊनच टाकलं आहे. बाजारातल्या त्या दुकानात, त्या उस्तादांच्या हाताखाली, असं ते सांगतात. उस्ताद स्वतःही मरेपर्यंत हेच सांगत होते. म्हणून हे लिहायला बसलो. ज्यांचे उपकार आहेत ते वेगळेच लोक आहेत, आणि त्यांच्या वाट्याचं कुणी दुसऱ्यानं पळवून नेलेलं मला चालत नाही.

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. आमचं गाव धामणगाव बढ्याजवळ. घरच्या भाजीच्या वाडीत वांगी, मिरच्या, कांदा. मी सातवी पास होऊन बुलढाण्याला उस्तादांच्या दुकानात लागलो तो रेडिओ शिकायला. दोन वर्षं मी तिथं काय केलं? लोकांच्या माळवदांवर बांबू उभे करून एरियलच्या तारा ताणल्या. रेडिओच्या लायसनसाठी पोस्टात रांगेत उभा राहिलो. पेट्या पुसल्या. उस्ताद रेडिओचं पाठीमागचं झाकण उघडायला लागले की मला म्हणायचे, "जाय, चहा सांगून ये." चहा सांगून येईपर्यंत झाकण बंद झालेलं असायचं. गिऱ्हाइकानं काय झालं होतं विचारलं की उत्तर ठरलेलं, "व्हॉल्व्ह गेला." काहीही बिघडलेलं असो, व्हॉल्व्हच गेलेला असायचा.

त्या काळी झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनी एक कागद चिकटवायची. आतली सगळी जोडणी त्यावर रेघांनी काढलेली असे. शिकणाऱ्याला तो कागद म्हणजे सोनं. पण दुकानात आलेल्या प्रत्येक सेटचा तो कागद उस्ताद दाढीच्या ब्लेडनं खरवडून काढायचे, म्हणजे तो सेट पुन्हा त्यांच्याकडेच यावा. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ही गोष्ट मी आजही विसरलेलो नाही, विसरायचा विचारही नाही.

एक दिवस चहा सांगून मी लवकर परत आलो आणि त्यांच्या खांद्यावरून आत डोकावलो.

"काय पाहून राह्यला बे?"

"कोन्ती तार कुठून कुठं जाते, ते पाहून राह्यलो."

"वांगेवाल्यानं वांगे मोजावं," ते म्हणाले, "तारा मोजू नये."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही हसली. तारा सांधायला डाख द्यायची लोखंडी दांडी मी नुकतीच कोळशातून काढली होती. ती लालभडक दांडी मी त्यांच्या पिण्याच्या माठात खुपसली आणि चपला घालून निघालो. माठ फुटला, हे मात्र खरं आहे.

गावी आलो तर पंचायतीचा रेडिओ बंद. आमच्या गावात अजून वीज नव्हती. विटेएवढ्या मोठ्या बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्हचा सेट होता, आणि संध्याकाळी नागपूरहून शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की अर्धं गाव लिंबाखाली जमायचं. तो सेट तीनदा उस्तादांकडे जाऊन आला होता. तिन्ही वेळा व्हॉल्व्ह बदलला होता. प्रत्येक वेळी पंधरा-वीस दिवस बरा चालायचा, मग घसा बसल्यासारखा आवाज यायचा आणि चार महिने पुरणारी बॅटरी तीन आठवड्यांत संपायची. सरपंच सेट चौथ्यांदा बुलढाण्याला पाठवायच्या बेतात होते. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी लिंबाखाली ही चर्चा चालू होती आणि माझं डोकं अजून त्या वांग्यांवरच तापलेलं होतं.

"बुलढान्याले काऊन पाठवता?" मी म्हणालो. "मी करतो."

"तुले येते?" सरपंचांनी विचारलं.

"येते."

येत काहीच नव्हतं. एक तार दुसरीला का जोडतात हेही मला ठाऊक नव्हतं.

"अन् नाई झाला तं?"

"नाई झाला तं पुन्हा रेडिओले हात लावनार नाई. जलमभर वांगेच मोजीन. पन झाला तं पंचायतीच्या बाजूची खताची खोली मले दुकानाले द्यायची."

लोक हसले. सरपंच हसले नाहीत. त्यांनी मला नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, "पोळ्यापर्यंत वाट पाह्यतो. अन् सेट अजून बिघडवला तं भरून द्यायचा." मी हो म्हणालो. माझ्या आयुष्याचा सौदा मी असा पाच मिनिटांत करून टाकला, तोही माझ्याजवळ माल नसताना.

घरी येऊन झाकण उघडलं. आत कागदाच्या जागी ब्लेडचे ओरखडे.

मग शोध सुरू झाला. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून एक हिंदी पुस्तक व्ही.पी.नं मागवलं. पहिल्या पानावर व्हॉल्व्हचं मोठं चित्र होतं आणि पुढं शेवटपर्यंत दुकान कुठं थाटावं, गिऱ्हाइकाशी गोड कसं बोलावं, पाटी कोणत्या रंगाची असावी. गोड बोलणं मला जमणारं नव्हतं, म्हणून तेही फुकट गेलं. मग मलकापूरला एका रद्दीवाल्याकडे गेलो. रेल्वेचं गाव असल्यामुळे तिथं कुठली कुठली पुस्तकं येऊन पडायची. दिवसभर ढीग उपसला. वैद्यकाची होती, कायद्याची होती, विणकामाचं एक होतं. रेडिओचं एकही नव्हतं. मी रद्दीवाल्यावरच चिडलो, जणू त्यानंच लपवून ठेवलं होतं. तो शांत माणूस होता. आधी मला पाणी दिलं, मग पत्ता दिला.

"रोहिनखेडले एक म्हतारा फौजी राह्यते," तो म्हणाला. "लढाईत बिनतारीवर होता. रेडिओचं इचारायचं तं त्याले इचारा. मले कायले डोळे दाखवता?"

त्या रद्दीवाल्याचे माझ्यावर उपकार आहेत. त्या दिवशी ते मी मानले नाहीत, म्हणून आता मानतो.

दुसऱ्या दिवशी सायकल काढून रोहिणखेड गाठलं. जुन्या मशिदीच्या मागच्या गल्लीत फौजी चाचांचं घर होतं. ते अंगणात बाज विणत बसले होते. ओसरीच्या खुंटीवर कानाला लावायचा काळा हेडफोन टांगलेला दिसला. एवढी वस्तू मिळाली तर निम्मं काम झालं, असं मला उगाच वाटलं, आणि शिकायचं राहिलं बाजूला, मी थेट भावाला लागलो.

"चाचा, हे इकता का? पाच रुपये देतो."

"नहीं."

"आठ."

"नहीं."

बारापर्यंत गेलो. पुढं खिशात काही नव्हतं, म्हणून भडकलो. "ठेवा मंग गळ्यात घालून! वर जाताना संगं न्या!"

चाचांनी हातातली सुंभाची दोरी थांबवली, उजव्या कानावर बोट ठेवून डावा कान माझ्याकडे फिरवला आणि विचारलं, "क्या बोला? ये कान से सुनाई नहीं देता. इधर से बोल."

तेच वाक्य त्या चांगल्या कानात पुन्हा बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणालो, "म्हटलं, शिकायचं हाय."

ते आत गेले आणि काळ्या पुठ्ठ्याची एक वही घेऊन आले. जबलपूरच्या छावणीत शिकताना त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली. पानोपानी व्हॉल्व्हची चित्रं, तारांची जोडणी, खांबापासून घरापर्यंत आलेली एरियल, आणि खाली सुबक इंग्रजी अक्षरात मजकूर. मी ती उलटसुलट करून पाहिली.

"अंग्रेजी अक्षर आते?" त्यांनी विचारलं.

रेडिओचे आकडे आणि कंपन्यांची नावं वाचून वाचून अक्षरं मला येत होती. इंग्रजी येत नव्हती. पण घाईत मी पहिलाच शब्द ऐकला, आणि ‘येत नाही’ म्हणण्याची सवय मला कधीच नव्हती. "हाव, येते ना," मी म्हणालो.

"तो पढ के आ. पढे बिगर सवाल मत पूछ."

वहीचे पैसे विचारले तर त्यांनी हात झटकला. फुकट मिळालेल्या वस्तूवर माझा विश्वास बसत नसे. घरी येईपर्यंत तीनदा सायकल थांबवून सगळी पानं जागेवर आहेत का ते पाहिलं.

पुन्हा मलकापूर गाठून त्याच रद्दीवाल्याकडून इंग्रजी-मराठी शब्दकोश घेतला. शेवटची पानं गायब होती, त्यावरून भाव पाडला. आणि मग सुरू झाली ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात मेहनतीची मूर्खता. सकाळी वांग्यांना पाणी, दुपारी वही आणि शब्दकोश. एक एक शब्द शोधायचा. चारांतले तीन सापडायचे नाहीत. बी-आय-जे-एल-आय असा एक शब्द पानोपानी येत होता आणि शब्दकोशात त्याचा पत्ताच नव्हता. मी म्हणायचो, हा शास्त्राचा शब्द असणार, हा कोश लहान पडतो. सापडले तेही चमत्कारिक. एम-ई-एन म्हणजे पुरुष. रेडिओच्या प्रत्येक ओळीत दोन-दोन पुरुष कशाला आले ते कळेना. तरी मी मागं हटलो नाही. उन्हाळ्याचे वीस दिवस त्यात घातले.

एरियलच्या चित्राखाली एक ओळ होती. पहिला शब्द ‘आय-एस’, म्हणजे ‘आहे’. दुसरा ‘टी-ए-आर’. कोश उघडला. अर्थ स्पष्ट छापलेला: डांबर. पुढचा सापडला नाही. त्यापुढं ‘पी-ए-एन-आय’. तो नव्हता, पण ‘पी-ए-एन’ होता: पसरट भांडे, तवा. शेवटचा शब्द ‘बी-ए-सी’ने सुरू होत होता. त्याच्या जवळपासचा सापडला तो ‘पाठ’. मी सगळं जुळवलं. डांबर आहे, तव्यात, पाठीवर. म्हणजे डांबर तव्यात तापवून तारेला वरून लावावं. केवढा आनंद झाला! उस्तादांनी दोन वर्षांत सांगितलं नाही ते आपण आपल्या अकलेनं काढलं.

मोताळ्याच्या रस्त्यावर तेव्हा डांबराचं काम चाललं होतं. तिथल्या मुकादमाशी हुज्जत घालून डबाभर डांबर आणलं, आईच्या तव्यात तापवलं आणि पंचायतीच्या एरियलला खांबापासून सेटपर्यंत, सांध्यासुद्धा, चांगलं दोनदा चोपडलं.

आई वाडीतून आली आणि चुलीपाशी थांबली.

"माह्या तव्यात काय हाय बे हे?"

"डांबर. वहीत लिवलं हाय तसं."

"कोन्त्या मेल्यानं लिवलं? आता भाकर काय तुह्या रेडिओवर टाकू?"

संध्याकाळी गावासमोर सेट लावला. आधी निदान खरखर तरी यायची. आता तीही गेली. डांबर सांध्यांत गेल्यावर दुसरं काय होणार! "पह्यले घसा बसला होता," लिंबाखालून कुणीतरी म्हणालं, "यानं मुकाच केला." सरपंचांनी खताच्या खोलीकडे पाहून मिशीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी रोहिणखेडला चाचांच्या अंगणात उभा होतो. एका हातात डांबरानं काळी झालेली तार, दुसऱ्या हातात वही. सायकल चालवताना सगळं भांडण मनात म्हणून घेतलं होतं. चाचांच्या चांगल्या कानाशी गेलो आणि ओरडलो, "खोटी हाय तुमची वही! मह्या गावात मही इज्जत घालवली! हे पाहा, हे काय लिवलं तुमी?" आणि बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवत ती ओळ मोठ्यानं वाचली, "इस... तार... को... पानी... से... बचाओ!"

मागं चाची धुणं वाळत घालत होत्या. वळून न पाहता त्या म्हणाल्या, "कौनसी तार को? कपड़े सुखाने की तार है, पानी तो लगेंगाच! और तू कौन रे मेरेकू बोलनेवाला?"

मी तिथंच थांबलो. पुन्हा त्या ओळीकडे पाहिलं. इस तार को. पानी से. बचाओ. मग पुढची ओळ वाचली, मग त्यापुढची. बी-आय-जे-एल-आय म्हणजे बिजली. एम-ई-एन म्हणजे ‘में’. सगळी वही बाजारात बोलतात त्या बोलीत होती. फक्त अंगावर इंग्रजी अक्षरं घालून बसली होती, आणि मी वीस दिवस तिला परकी समजून चाचपडत होतो.

चाचांना प्रकार कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा ते इतके हसले की अर्धी विणलेली बाज त्यांच्याखाली करकरायला लागली. "अरे बेवकूफ, मैंने अक्षर पूछे थे, अंग्रेजी नहीं! फौज में पठान था, मद्रासी था, मैं था. गोरा साब सबको ऐसेच लिखाता था. अक्षर उसके, जबान हमारी." मग तार हातात घेऊन वास घेतला. "और ये क्या लगाया?"

"डांबर," मी म्हणालो. चाची खाली बसून पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. मलाही हसू फुटलं, आणि किती दिवसांनी फुटलं ते आठवेना.

त्यानंतर पोळ्यापर्यंत मी आठवड्यातून दोनदा रोहिणखेडला जात होतो. वाचून दाखवायचो चाचींपुढं, कारण चाचांना एका कानानं थकायला व्हायचं. चाचींना कोणत्याच भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. त्या तांदूळ निवडत ऐकायच्या, आणि मी शब्द चुकीचा तोडला की म्हणायच्या, "ये झूठ पढ रहा तू. फिरसे पढ." अर्थ लागेपर्यंत सोडायच्या नाहीत. एवढी कडक परीक्षा माझी शाळेतही झाली नव्हती. चाचांची अट एकच होती. वही मला कायमची मिळणार नव्हती, सगळी आपल्या अक्षरात उतरवून घ्यायची. उतरवता उतरवताच ती डोक्यात गेली.

व्हॉल्व्ह कसा चालतो ते मला ज्या दिवशी समजलं तो दिवस आठवतो. वहीत लिहिलं होतं की व्हॉल्व्हमधली एक सळई तापते, तिच्यातून बिजलीची धार निघून समोरच्या पत्र्याकडे जाते, आणि मधल्या बारीक जाळीला थोडीशी उलटी बिजली दिली की ती सगळी धार कमी-जास्त होते. थोड्याशानं एवढं सगळं कसं हलतं, ते माझ्या डोक्यात शिरेना. चाचांनी दोनदा सांगितलं, तरी नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत मी दारं धरून उभा होतो. मोटेचं पाणी थारोळ्यातून पाटानं येत होतं आणि वाफ्याच्या तोंडाशी मी फावड्यानं मूठभर चिखल ओढला की सगळा लोंढा थांबायचा, सरकवला की सुटायचा. मोट ओढणारे बैल दमून जातात, आणि पाणी कुणाकडं जायचं ते ठरवतो दारं धरणारा, एका मूठभर चिखलानं. मी तिथंच ओरडलो. पलीकडून आई धावत आली, तिला वाटलं साप निघाला.

जाळी म्हणजे दारं धरणारा माणूस. वांगेवाल्याच्या पोराला हे कळायला कुणाच्या दुकानाची गरज नव्हती. दोन वर्षं मी चहा सांगत होतो, आणि ही विद्या मला पोरवयापासून येत होती. हा राग अजून जात नाही. पण हे ज्यांच्यामुळे कळलं त्यांची आठवण आली की रागाला बसायला जागा उरत नाही.

सेटचा रोगही मग तसाच उकलला. एक व्हॉल्व्ह पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीला फक्त थरथर पोचवतो, पाणी पोचवायचं नसतं. म्हणून दोघांमध्ये कंडेन्सर नावाचा एक पक्का बांध असतो. हा बांध झिरपायला लागला तर खालच्या दारं धरणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. लोंढा वाहतच राहतो, बॅटरी संपते, व्हॉल्व्ह झिजतो. वर बांध फुटलेला असताना खालचा माणूस बदलून काय होणार? उस्तादांनी तीन माणसं बदलली होती.

मी हे सांगितल्यावर चाचा उठले, खुंटीवरचा हेडफोन काढला आणि माझ्या गळ्यात घातला. भाव न करता. "बॅटरी, कंडेन्सर, हेडफोन, एक के पीछे एक जोड," ते म्हणाले. "अच्छा कंडेन्सर एक दफा टक् बोलता, फिर चूप. जो हर दफा बोले वो चोर."

गावी येऊन सेटमधल्या प्रत्येक कंडेन्सरचा एक एक पाय सोडवला. पहिला टक् करून गप्प झाला. दुसराही. तिसरा, चौथा. मनात शंका आली. आपली समजूतच चुकली तर? पाचवा जोडला, टक्. पुन्हा जोडला, टक्. पुन्हा, टक्. दिसायला तो सगळ्यात चांगला होता, वरून लावलेलं मेण चकचकीत, कुठं तडा नाही. मलकापूरहून नवा आणून बसवला, एरियलची तार घासून घासून डांबर काढलं, आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लिंबाखाली सेट लावला.

आवाज असा स्वच्छ आला की लिंबावरचे पक्षी उडाले. लोक उठून उभे राहिले. मी सरपंचांकडे पाहिलं आणि हात पुढं केला, किल्लीसाठी.

"थांब," सरपंच म्हणाले. "आवाज तं त्या उस्तादाचाबी येत होता. बॅटरी टिकू दे."

मला संताप आला, पण माणूस बरोबर होता. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. मग मी रोज दिवस मोजायला लागलो. तीन आठवडे झाले. ज्या दिवशी पूर्वी बॅटरी संपायची तो दिवस आला आणि गेला. दसरा झाला. लोक कार्यक्रम ऐकायला येत आणि मी आवाज ऐकायला येई. जरा खरखर झाली की मी उठून सेटला कान लावायचो. दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी मी लिंबाखाली गेलो तर खताची पोती पंचायतीच्या ओसरीवर रचलेली होती आणि खोली झाडून काढली होती. सरपंच दारात उभे होते.

"भाडं?" त्यांनी विचारलं.

"भाडं नाई. पंचायतीचा रेडिओ जलमभर फुकट पाह्यतो."

"अन् बॅटरी?"

"बॅटरी पंचायतीची."

"जमलं," म्हणाले आणि किल्ली दिली.

आमच्याकडे कारागिरानं स्वतःचं दुकान टाकलं की उस्तादाला नारळ आणि कापड द्यायची रीत होती. नाही दिलं तर लोक म्हणतात, विद्या चोरून आणली. आईसुद्धा म्हणाली, "जाऊन ये बुलढान्याले. झालं गेलं सोड." मी गेलोच नाही. याच कारणावरून उस्ताद पुढं सगळ्यांना सांगत राहिले की माझ्याच हाताखाली शिकला आणि नारळसुद्धा दिला नाही. लोकांनी ते खरं मानलं. ज्यांनी मला हे विचारलं त्यांच्यासाठी सांगतो: नारळ मी दिला होता.

मी तो रोहिणखेडला नेला. नारळ आणि एक तांबडी साडी. साडीसाठी मलकापूरच्या दुकानात अख्खी दुपार घासाघीस केली होती. दुकानदार शेवटी हात जोडून उभा राहिला होता, इतका भाव पाडला होता. चाचांपुढं ठेवायला गेलो तर त्यांनी मान हलवली आणि चाचींकडे बोट केलं. "पढाया किसने? हक उसका है."

चाचींनी साडी उलगडली, काठ दोन बोटांत चोळला, मग बोट ओलं करून पुन्हा चोळला आणि बोट मला दाखवलं. लाल झालं होतं.

"ठगा गया रे बेटा. कच्चा रंग है."

मी तडक उठलो. सायकल फिरवली. त्या दुकानदाराची तंगडी तोडून येतो म्हणालो. चाचींनी सायकलचं कॅरिअर धरलं.

"बैठ. चाय पी. रंग जाएंगा तो जाएंगा, मैं पहनूँगी."

त्या नेसल्या. पहिल्याच धुण्यात रंग गेला आणि बादलीतले चाचांचे पांढरे सदरे गुलाबी झाले. पुढं वर्षभर ते गुलाबी सदऱ्यात मशिदीत जात होते. कुणी विचारलं तर आधी बहिरा कान पुढं करायचे. फारच मागं लागलं तर म्हणायचे, "फीस है मेरी."